आधी तुझी मजुरी लिही

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत, तिन्ही एकट्याच्या जिवावर धंदा ओढणाऱ्या माणसांची. पहिलं लांब आहे, त्याचं उत्तरही लांबणार. नावं कुणाचीच छापत नाही. कोकणात नुसता तालुका सांगितला तरी निम्मं गाव ओळखतं.

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, वय ३८. नवरा लोट्याला कंपनीत, शनिवारी रात्री घरी येतो. घरी सासूबाई, आठवीतली मुलगी आणि मी. सात वर्षांपूर्वी कोकम सरबताच्या दहा बाटल्यांनी सुरुवात केली. आता हंगामाला नऊशे बाटल्या होतात, शिवाय सत्तर किलो फणसपोळी, थोडं आगळ (कोकमाचा खारवलेला रस), थोडी आमसुलं. गिऱ्हाईक नावं ठेवत नाही. पण तीन वर्षं झाली, आकडा नऊशेच्या पुढे सरकत नाही. गेल्या वर्षी धीर करून दोघी जणी कामाला ठेवल्या. त्यांच्या हातच्या साठेक बाटल्यांची बुचं उडाली, दुकानदारानं माल परत पाठवला आणि बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून पुन्हा सगळं स्वतःच करते.

या मे महिन्यात रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, टोपल्या समोर आणि हात उचलेना. पहाटे उठून मोबाइलवर उमेद वाढवणारी भाषणं ऐकते. तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. भावोजी म्हणतात, कर्ज काढ, मशीन घे. माझीच जिद्द कमी पडते का? एकटीनं पुढे जाता येत नाही आणि दुसऱ्याच्या हाती देववत नाही.

तुम्ही हिशेब विचाराल म्हणून लिहिते. सरबताच्या बाटलीला रातांबे, साखर, बाटली, लेबल, खोका धरून ८५ रुपये पडतात. घरून १५०ला विकते, दुकानदाराला १२०ला देते. फणसपोळी घरून ३४० रुपये किलो, दुकानात २६०. तिला साखर आणि पॅकिंगचे ४० सोडले तर खर्च काही नाही, फणस घरचेच. शंभर बाटल्यांमागे सगळं मिळून माझे चार दिवस जातात आणि फणसपोळीला किलोमागे साडेचार तास. बराचसा माल दुकानातच जातो.

उत्तर : काकू म्हटलंयस, तेव्हा मी अगं-तुगंच करते.

जिद्दीचं आधी मिटवून टाकू. सात वर्षं मेच्या उकाड्यात रातांबे फोडणाऱ्या बाईची जिद्द कमी पडते असं ज्याला वाटतं, त्याला माझ्या पडवीत बसवून एक टोपली फोडायला द्यावी. नखांच्या कडेनं तो आंबट रस आत शिरला की रात्री आमटी-भाताला हात लावताना काय होतं, ते त्याला कळेल.

तुझ्या पत्रातलं मला खरं महत्त्वाचं वाटलं ते शेवटी आहे, आणि तेही तू "हिशेब विचाराल म्हणून" लिहिलंस. त्या हिशेबात रातांबा आहे, साखर आहे, खोकासुद्धा आहे. तू नाहीस. तुझ्या सासूबाई फणसाचे गरे सोलून चिकानं बरबटलेले हात तेलानं पुसत बसत असतील, त्याही नाहीत. घरातली माणसं फुकट धरायची आणि बाहेरचं माणूस ठेवलं की "परवडत नाही" म्हणायचं, ही आपल्या किनाऱ्यावरच्या घरगुती धंद्यांची जुनी रीत. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही जा, खानावळ असो की पापडाचा गट, वहीत घरच्या बाईची मजुरी लिहिलेली मी क्वचितच पाहिली.

राजापूरला आमचा आमरसाचा आणि कोकमाचा छोटा कारखाना आहे. आता सून बघते. मी बघत होते तेव्हा मजुरीच्या वहीत पहिल्या ओळीवर माझं नाव असायचं, रोजचा दर त्याच्यापुढे, आणि शनिवारी इतरांच्या बरोबरीनं मी तो घ्यायची. कामावरच्या बायका हसायच्या. "वैनी सोताचो पगार सोताच घेतत!" त्यांतली एक तर मुद्दाम, "वैनी, माकाव थोडी उचल द्या, तुमच्या पगारातली" म्हणायची. हसू देत. त्या ओळीमुळे मला कळायचं की कुठला माल माझी मजुरी देतो आणि कुठला माझ्याच मजुरीवर जगतो.

आता तुझेच आकडे घेऊन बसू. रोजचे ४०० रुपये धरू, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला तासाचे ५०. तुमच्याकडे बायकांची मजुरी वेगळी असली तर आपला आकडा घाल.

सरबत : शंभर बाटल्यांना चार दिवस, म्हणजे १,६०० रुपये मजुरी. बाटलीला १६. दुकानदाराच्या १२० मधून ८५ गेले, १६ गेले, उरले १९. घरून विकलीस तर ४९.

फणसपोळी : साडेचार तासांचे २२५ रुपये. दुकानाच्या २६० मधून ४० गेले की राहतात २२०. पाच रुपये तू किलोमागे खिशातून घालतेस, आणि फणसाला शून्य धरलंय म्हणून पाचच. तोच फणस झाडावरून कुणी विकत नेला असता तर जे आले असते, तेही यात नाही. घरून ३४०ला विकलीस तर ७५ सुटतात, तेवढीच काय ती खरी कमाई.

आणखी एक गंमत बघ. सत्तर किलोंना ३१५ तास, म्हणजे जवळजवळ चाळीस दिवस. नऊशे बाटल्यांना छत्तीस. म्हणजे हंगामात तुझे जास्त दिवस त्या मालात जातात जो तुला काही देत नाही. वर तो माल कसा, तर ढग आला की ताटं आत, ऊन आलं की बाहेर, दुपारी डोळा लागला की कावळे. हात उचलत नाही म्हणतेस. उचलेल कसा? भाषण ऐकून तासभर बरं वाटतं, कारण तासभर तू बसलेली असतेस. ते भाषण करणारे सांगतात त्यात खोटं काही नसतं, फक्त त्यांना फणसपोळी घालावी लागत नाही.

फणसपोळी बंद कर असं मी म्हणणार नाही. मुंबईचे चाकरमानी ती मागतात आणि तिच्याबरोबर चार बाटल्या नेतात, हे मला माहीत आहे. पण दुकानाला देणं थांबव. वीस-पंचवीस किलो कर, घरूनच विक, आणि ३४०चे ४०० कर. त्यातून जे पंचवीस-अठ्ठावीस दिवस सुटतील, ते सरबताला. तिथे माणूस ठेवायला जागा आहे, कारण मजुरी देऊनही बाटलीमागे काहीतरी उरतं. माणूस कुठे ठेवायचा हे असं वहीतून ठरतं. ज्या कामाचा कंटाळा आला ते दुसऱ्याला देऊ, असं ठरवायला गेलीस तर फणसपोळीला माणूस ठेवशील आणि बुडशील.

आता उडालेल्या बुचांकडे येऊ. त्या दोघींना तू काय सांगितलं होतंस? मी अंदाज करते : सालीत साखर घाला, रोज ढवळा, विरघळली की गाळा, भरा. तू स्वतः करतेस तेव्हा पळी वर धरून धार बघतेस, जिभेवर थेंब घेतेस, आणि "अजून एक दिवस" म्हणतेस. ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी तुझ्या शब्दांप्रमाणे बरोबरच केलं.

सरबत आंबतं त्याची कारणं मोजकी आहेत. साखर कमी पडली, किंवा रातांबे पावसात भिजलेले होते आणि साल निथळू न देताच साखरेत घातली, किंवा बाटली ओली होती. हे शेवटचं कुणाच्या लक्षात येत नाही. बाटली धुऊन लगेच भरली की तळाशी आणि मानेशी पाण्याचे थेंब राहतात, तेवढ्या जागी पाक पातळ होतो आणि तिथूनच सुरुवात होते. आमच्याकडे आज धुतलेली बाटली आज भरत नाहीत. जाळीवर उपडी, उद्यापर्यंत.

साखरेसाठी रिफ्रॅक्टोमीटर घे. हातात मावणारी नळी असते. काचेवर पाकाचा एक थेंब, वर झाकण, उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं, दोन्ही मिळतात त्या रेषेवरचा आकडा वाचायचा. पाकात शंभरात किती साखर आहे ते तो सांगतो, त्याला ब्रिक्स म्हणतात. फार महाग नसतो, पण घेताना बघून घे : बाजारात ० ते ३२ मोजणारे जास्त मिळतात, ते फळांच्या रसाचे. सरबताला ते आंधळे. ८०-९०पर्यंत जाणारा माग. आमच्याकडे सालीला किलोमागे दोन किलो साखर असते, आणि पाक ६८च्या खाली असेल तर बाटली भरत नाहीत. गरम पाकाचा आकडा घ्यायचा नाही, निवू द्यायचा.

हा आकडा वहीत गेला की सातवी शिकलेली बाईसुद्धा तुझ्याइतकंच सरबत करते. बाटलीवर बॅच नंबर तू घालतच असशील, नियमानं घालावा लागतोच. त्या नंबरापुढे वहीत तारीख, ब्रिक्स आणि भरणारीचं नाव लिही. चूक पकडायला नाव नको. उद्या एखादी बाटली परत आली तर साठच्या साठ ओतून द्याव्या लागू नयेत, म्हणून.

पहिल्या वर्षी रातांबे फोडणं, बाटल्या धुणं, लेबल लावणं, खोके भरणं हे दे. साखर आणि मीटर स्वतःकडे ठेव. पुढच्या हंगामात दोघींपैकी जी जास्त शंका काढते, तिच्या हातात मीटर दे. मुकाट्यानं हो म्हणणारीला देऊ नकोस. आणि दिलंस की मागे उभी राहू नकोस. एक बॅच तुझ्यापेक्षा सावकाश होईल, होऊ दे.

मजुरी कशी द्यायची? फोडायला किलोवर चालेल. धुण्याला आणि भरण्याला रोजावरच दे. नगावर दिलीस तर बाटली उपडी ठेवायला कुणालाच वेळ नसेल.

आणि बायका मे महिन्यात शोधायला जाऊ नकोस. तेव्हा प्रत्येकीची स्वतःची काजू-आंब्याची धांदल असते, घरात लग्नं असतात, मुंबईहून आलेल्या नणंदेचं करायचं असतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की ती शेतावर गेली, लावणी होईपर्यंत विसर. आंब्याचे मोठे बागायतदार नेपाळहून माणसं आणून हा प्रश्न सोडवतात, तुझ्या पडवीला ते झेपणारं नाही. शिमग्याला, पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी बोलून ठेव : एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून महिनाभर, इतका रोज, इतके ते इतके वाजता. थोडे पैसे आगाऊ दे. तू आगाऊ देणारी आहेस हे वाडीत पसरलं की पुढच्या वर्षी त्या विचारत येतील.

किमतीचं. दुकानदाराला १२० फार कमी आहे. १३० कर. एखादा सोडेल, सोडू दे. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि अजून आपल्यातल्या कित्येक जणी ते शहरातल्या साध्या सरबताच्या भावात देतात. मानांकनाचं नाव लेबलावर घालायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, ती न करता छापू नकोस. पण भाव मागायला नोंदणी लागत नाही.

भावोजींच्या मशीनबद्दल थोडक्यात. सूक्ष्म अन्नप्रक्रियेची केंद्राची योजना २०२०ची आहे. कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आपल्याकडे ती कृषी खात्यामार्फत चालते, सध्या अर्ज घेताहेत का ते आधी विचार. एक लक्षात ठेव, ते अनुदान हातात येत नाही, कर्जखात्यात वळतं होतं. म्हणजे हप्ता आधी सुरू होतो, आणि तो बारा महिने असतो. तुझा धंदा दोन महिन्यांचा आहे. नऊशे बाटल्यांवर मशीन घेऊ नकोस. दोन हजार बाटल्या बायकांच्या हातानं करून विकल्यास की तेव्हा बोलू, आणि तेव्हाही मी आधी झाकणं लावायच्या छोट्या मशीनचं म्हणेन.

सासूबाईंना या दिवाळीला त्यांच्या मजुरीचे पैसे वेगळे काढून दे. त्या घेणार नाहीत. तरी दे.

प्रश्न : मालवणात माझं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बसवतात त्या इंजिनांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. वय ४४. मच्छीमारांच्या होड्या आणि पर्यटनाच्या बोटी, दोन्हींचं काम करतो. एक पोरगा तीन वर्षं हाताखाली होता, सगळं शिकला, आणि दिवाळीनंतर देवबागला स्वतःचं दुकान टाकलं. माझी चार गिऱ्हाइकंही नेली. शिकयलो आणि गेलो तो गेलोच. आता दुसरा मुलगा विचारायला येतोय, पण शिकवायची इच्छाच उरली नाही. एकट्यानं रात्री नऊपर्यंत काम करतो. इलाज काय?

उत्तर : इंजिनातलं मला काडीचं कळत नाही. पण माझा भाचा साखरी-नाट्याच्या बंदरावर हेच काम करतो. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आत्या, तीन वर्षं टिकला म्हणजे पोरगा चांगला होता."

तीन वर्षांत शिकलेला मुलगा जाणारच. हातात कौशल्य आहे, किनाऱ्यावर दर दोन मैलांवर बोटी आहेत, तो तुमच्या दुकानात पाना देत म्हातारा का होईल? प्रश्न एवढाच की जायच्या आधीच्या वर्षांत त्यानं तुम्हाला किती मिळवून दिलं. पहिल्या वर्षी तो तुमचा वेळ खातो. खारं पाणी काढायला गोड्या पाण्यानं इंजिन धुणं, प्लग काढून साफ करणं, इंपेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारं चाक) बदलणं ही कामं तो एकटा करायला लागला की तिथून पुढे कमाई. भाचा म्हणतो, ही साधी कामं शिकायला वर्ष लागत नाही, आपणच लावतो. पोरगं शिकलं तर जाईल या भीतीनं आपण त्याला दोन वर्षं ग्रीसच पुसायला लावतो, आणि मग तो खरोखर उपयोगाचा झाल्यावर वर्षभरात निघून जातो. तुमचंही असंच झालं का ते तुम्हीच बघा.

नव्या मुलाला जूनमध्ये घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, पर्यटनाच्या बोटीही पावसात झाकलेल्या. सगळी इंजिनं एकदम दुकानात येतात आणि कुणाला उद्या सकाळी समुद्रात जायचं नसतं. शिकवायला यापेक्षा बरा काळ नाही. ऑक्टोबरात, बोट उभी आणि मालक डोक्यावर, अशा वेळी कुणी शिकतही नाही आणि शिकवतही नाही. पगार थोडा कमी ठेवा, पण तो एकट्यानं पुरं करेल त्या प्रत्येक कामामागे वाटा द्या. वाटा पहिल्याच महिन्यापासून. मग तो ग्रीस पुसत बसणार नाही, तुम्हीही बसवणार नाही.

गिऱ्हाइकं गेली, कारण त्यांच्याकडे त्या पोराचा नंबर होता. दुकानाचा एक वेगळा नंबर घ्या, तो बोर्डावर आणि बिलावर. तुमचा स्वतःचाही देऊ नका. तुमच्या खाजगी नंबरवर धंदा चालला तर रात्री नऊला सुटका कशी होणार?

आणि देवबागच्या पोराला फोन करा. रागाचं काही बोलू नका. त्याला इंपेलर, सील, प्लग लागतात, आणि नवख्या दुकानाला कुणी उधारीवर माल देत नाही. तुम्ही द्या, महिन्याच्या उधारीवर, थोडा नफा ठेवून. मोठं काम आलं, जे त्याला झेपत नाही, ते तो तुमच्याकडेच पाठवेल. भाच्याच्या हाताखालून गेलेले दोघं आज त्याचे सुट्या भागांचे गिऱ्हाईक आहेत. त्यांतल्या एकाशी तो अजून बोलत नाही, माल मात्र देतो.

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा आहे, आजोबांपासूनची. मी ६१ वर्षांचा. मूर्ती हवी ते आपला पाट आणून ठेवतात. असे दरवर्षी ११० पाट येतात, सगळे मातीचे गणपती, सगळे हातचे. पुतण्या म्हणतो, पेणहून कच्च्या मूर्ती आणू, इथे फक्त रंगवू, तीनशेपर्यंत जाऊ. वाढायची इच्छा मला होत नाही. यात माझं काही चुकतंय का?

उत्तर : नाही. वाढलंच पाहिजे असा कायदा नाही.

पेणहून मूर्ती आणून रंगवणारे कितीतरी जण प्रामाणिकपणे धंदा करतात, त्यात कमी काही नाही. पण तो धंदा वेगळा. आषाढात पैसे गुंतवायचे, गाडीभाडं, वाटेत मोडतोड, उरलेल्या मूर्तींचं काय करायचं याची काळजी. तुमच्याकडे पाट आल्याशिवाय मूर्ती होतच नाही, म्हणजे एकही उरत नाही. असा धंदा किती जणांच्या नशिबी असतो? पुतण्याला हौस असेल तर त्यानं बाजारात गाळा घ्यावा, स्वतःच्या नावावर. त्याला नाही म्हणू नका आणि त्याचे पैसेही भरू नका.

मात्र तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी तुम्ही लिहिली नाहीत, ती मी विचारते. ११० मूर्तींची माती कोण मळतं? ६१व्या वर्षी तुम्हीच मळत असाल तर ते थांबवा. माती मळणं, कोरड्या मूर्तीला पॉलिश-पेपर मारणं, पांढऱ्या रंगाचा पहिला हात देणं याला गावातली पोरं संध्याकाळी येतातच, नुसती बघत उभी असतात. दोघांना रोज द्या, फुकट राबवू नका. हात-पाय, सोंड आणि डोळ्यांची आखणी तुमच्याकडे. यात आकडा वाढणार नाही. तुमच्या कमरेला मात्र पुढची दहा वर्षं मिळतील.

आणि पैसे. नेताना नारळ-विडा ठेवून जो तो आपल्या मनानं देतो, आणि तुम्ही काही बोलत नाही, असंच असणार. माती, रंग आणि त्या दोन पोरांचा रोज किती होतो ते काढा, तुमचे तास त्यात घाला. वितीच्या मूर्तीला इतके, हाताच्या मूर्तीला इतके, असं पाट ठेवून घेतानाच सांगा आणि निम्मे तेव्हाच घ्या. एखादा जुना यजमान कुरकुरेल. वहीत त्याच्या नावापुढे आकडा लिहून पाट आत न्या, तो बाहेर थांबला असेल तर चहा सांगा.